प्रकल्प नोंदी: वाचनालयाची मोबाईल पाने शोधयंत्रांपर्यंत पोहोचवताना

१० जून २०२४

खानापूर तालुक्यातील (जि. बेळगाव) आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळाची देखभाल समितीने आजपासून माझ्याकडे सोपवली. पहिली तक्रार ग्रंथपाल काकांनी वहीत लिहूनच ठेवली होती: "हलशीच्या मंदिरावरचा आपला लेख मोबाईलवर कुणालाच दिसत नाही. दुवा पाठवला तरी आपले पहिलेच पान उघडते." दिवसभर तीन वेगवेगळ्या फोनांवर तपासले, तक्रार शब्दशः खरी आहे.

या संकेतस्थळावर ग्रंथसूची आहे, जुन्या दिवाळी अंकांची अनुक्रमणिका आहे, कडोली, येळ्ळूर, उचगाव या गावांत भरणाऱ्या साहित्य संमेलनांची वृत्ते आहेत, आणि हलशी, देगाव, कणकुंबी या गावांवर इथल्याच शिक्षकांनी कष्टाने लिहिलेले लेख आहेत. सीमाभागातील एवढा मराठी मजकूर एका ठिकाणी क्वचितच मिळतो. तो शोधणारा वाचक मात्र संगणकासमोर बसलेला नसतो. जांबोटीच्या बसमध्ये किंवा बेळगावच्या बसस्थानकावर तो फोन हातात घेऊन उभा असतो.

घाई करण्याला आणखी एक कारण आहे. गूगलने नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहीर केले होते की पुढे पानाची मोबाईल आवृत्ती हीच मुख्य मानली जाईल. मार्च २०१८ पासून जुनी संकेतस्थळे टप्प्याटप्प्याने या पद्धतीकडे वळवली गेली, १ जुलै २०१९ पासून नव्या संकेतस्थळांना ती थेट लागू झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये हे स्थलांतर पूर्ण झाल्याचे सांगण्यात आले. त्यातून जी थोडी संकेतस्थळे उरली, तीही येत्या ५ जुलैनंतर फक्त स्मार्टफोनच्या रूपात येणाऱ्या गूगलबॉटकडून, म्हणजे पाने वाचत फिरणाऱ्या गूगलच्या रोबॉटकडून, वाचली जाणार आहेत, आणि ज्यांचा मजकूर मोबाईलवर मुळीच उघडत नाही ती इंडेक्समध्ये, म्हणजे शोधात दाखवायच्या पानांच्या गूगलच्या सूचीत, राहू शकणार नाहीत. सर्च कन्सोल या संकेतस्थळचालकांसाठीच्या गूगलच्या साधनात आमची पाने तपासली तेव्हा बहुतेकांपुढे "डेस्कटॉप गूगलबॉटने वाचले" असाच उल्लेख आढळला. याचा अर्थ आम्ही त्या उरलेल्यांत आहोत, आणि हाताशी पंचवीस दिवस आहेत.

१२ जून

दोषाचे मूळ सापडले. ते एक नसून एकावर एक चढलेले दोन दोष आहेत.

एप्रिल २०१५ मध्ये गूगलने मोबाईलवर नीट दिसणाऱ्या पानांना फोनवरच्या शोधात प्राधान्य देण्यास सुरुवात केली, तेव्हा आमच्या समितीनेही घाईघाईने वेगळे मोबाईल संकेतस्थळ करून घेतले होते. मूळ पत्त्याच्या पुढे "एम" आणि एक टिंब लावलेला तो उपपत्ता आजही चालू आहे. त्यावर वाचनालयाचे नाव, वेळापत्रक, दूरध्वनी आणि सहा-सात पाने आहेत. लेख व ग्रंथसूची त्यात कधी आलीच नाही. मुख्य संकेतस्थळाच्या सर्व्हरवर मात्र असा नियम लिहिला आहे की फोनवरून कोणतेही पान मागितले तरी वाचकाला या मोबाईल संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर पाठवावे. हलशीचा लेख मागा, दिवाळी अंक मागा, उत्तर तेच. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला कामाचे न विचारता ओसरीवरच बसवून ठेवावे, तसा हा प्रकार आहे.

दुसरा दोष याहून घातक आहे. मोबाईल उपपत्त्यावरील रोबॉट्स फाइलमध्ये (शोधयंत्रांच्या रोबॉटांनी काय वाचावे हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) संपूर्ण संकेतस्थळ रोबॉटांना बंद ठेवणारी एक ओळ आहे. तोच मजकूर दोन पत्त्यांवर दिसला तर शिक्षा होईल, अशी भीती त्या वेळी काम करणाऱ्याला वाटली असावी. अशा दुहेरी पानांसाठी योग्य उपाय वेगळा असतो: मोठ्या पडद्याच्या पानावर "याची पर्यायी मोबाईल आवृत्ती येथे आहे" असा दुवा आणि मोबाईल पानावर "मूळ पान ते आहे" असा कॅनॉनिकल दुवा, अशी जोडी प्रत्येक पानागणिक जुळवावी लागते. आमच्याकडे एकही जोडी नाही.

म्हणून ५ जुलैनंतर काय घडले असते ते आता स्पष्ट दिसते. स्मार्टफोनच्या रूपातला रोबॉट हलशीचा लेख मागेल, त्याला मोबाईल मुखपृष्ठाकडे वळवले जाईल, आणि तिथे दाराला कुलूप असेल. असे प्रत्येक पानाचे होईल.

१५ जून

समितीची बैठक झाली. मी तीन मार्ग मांडले. पहिला मार्ग मोबाईल संकेतस्थळ तसेच ठेवून सर्व पाने तिथे उतरवण्याचा आणि जोड्या जुळवण्याचा. दुसरा, पत्ता एकच ठेवून सर्व्हरने उपकरण ओळखून वेगवेगळे एचटीएमएल (पानाचा मूळ संकेत-मजकूर) देण्याचा. यात उत्तर उपकरणानुसार बदलते हे मधल्या साठवण-यंत्रणांना कळावे म्हणून "व्हेरी" नावाचा शीर्षक-निर्देश न चुकता पाठवावा लागतो. तिसरा, पान एकच, एचटीएमएल एकच, आणि फक्त मांडणी पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलणारी.

एका ज्येष्ठ सदस्य गुरुजींनी विचारले, "दोन वह्या ठेवल्या तर एकीत खाडाखोड राहणारच ना?" निर्णय तिथेच झाला. पहिल्या मार्गात प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागते, आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या संस्थेत दुसरी वही मागे पडतेच. आमच्या नऊ वर्षांचा अनुभव तोच आहे. तिसरा मार्ग ठरला. गूगलची शिफारसही याच रचनेची आहे.

१८ जून

आज मांडणीला हात लावण्याआधीच एक वेगळी अडचण समोर आली, आणि माझ्या मते ती या प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाची आहे.

२००९ च्या आधी चढवलेले सुमारे चाळीस लेख युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेत देणाऱ्या पद्धतीत, नाहीत. त्या काळच्या डीटीपी फाँटमध्ये ते टंकलेले आहेत, म्हणजे आतमध्ये साठवलेली अक्षरे रोमन आणि चिन्हांची आहेत, आणि फाँट त्यांच्यावर मराठी वळणाचे चित्र चढवतो. फाँट बसवलेल्या संगणकावर हे लेख सुवाच्य दिसतात. फोनवर तो फाँट नसतो, म्हणून तिथे निरर्थक चिन्हांची रांग दिसते. शोधयंत्र तर अक्षराचे चित्र पाहतच नाही. ते साठवलेला संकेत वाचते. त्यामुळे "मलप्रभा" हा शब्द ज्या लेखात पन्नास वेळा आला आहे, त्या लेखात शोधयंत्राच्या लेखी तो एकदाही आलेला नाही. इतकी वर्षे हे लेख जगासमोर होते आणि तरीही कुणालाच सापडण्याजोगे नव्हते, याचे मला मनापासून वाईट वाटले. त्यांपैकी दोन लेखक आता हयात नाहीत.

रूपांतर करताना नुसती अक्षराला अक्षर अशी सारणी पुरत नाही. त्या फाँटांमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाते, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनाच्या नंतर साठवली जाते. रफाराचे उलट आहे: "कार्य" मधला रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये "र" आणि हलन्त आधी असावा लागतो. जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही आले की साधी सारणी हमखास चुकते. म्हणून रूपांतर यंत्राने, पण वाचन माणसाने, असे ठरवले. ग्रंथपाल काकांनी आणि निवृत्त शिक्षिका असलेल्या एका ताईंनी प्रत्येकी वीस लेख वाचायला घेतले आहेत.

२० जून

दुपारपासून पाऊस आणि वीज नाही. रूपांतरित लेखांचे छापील कागद काकांच्या घरी पोहोचवले. बाकी काम नाही.

२१ जून

ताईंनी एक बारीक गोष्ट पकडली. "खोऱ्यातील" हा शब्द दोन लेखांत अगदी सारखाच दिसतो, पण आमच्या संकेतस्थळाच्या आतील शोधात त्यांपैकी एकच सापडतो. कारण असे निघाले की "ऱ्य" दोन प्रकारे लिहिता येतो. एकात नुक्ता असलेला "ऱ" आणि हलन्त असतो, दुसऱ्यात साधा "र", हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह असते. डोळ्याला फरक नाही, साठवण वेगळी. यापुढे संपूर्ण संकेतस्थळावर पहिलीच पद्धत वापरायची असे ठरवून सर्व पानांवर तो बदल केला. मराठीत "दऱ्या", "पायऱ्या", "कोऱ्या" असे शब्द पावलोपावली येतात, त्यामुळे हा बदल किरकोळ नाही.

२३ जून

मांडणी. पानाच्या शिरोभागात व्ह्यूपोर्टचा, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे पान दाखवायला सांगणारा, निर्देश घातला. तो नसल्यामुळे फोन संपूर्ण पान मोठ्या पडद्याचे समजून आक्रसून दाखवत होता. ग्रंथसूचीचे आठ स्तंभांचे कोष्टक अरुंद पडद्यावर एकाखाली एक ओळींत मांडले. लेखांचा टंक मोठा केला, कारण आमचे अर्धे वाचक साठीपुढचे आहेत.

एका बाबतीत मला काळजीपूर्वक विचार करावा लागला. ग्रंथसूचीत पहिली वीस पुस्तके दिसत होती आणि पुढची "आणखी पाहा" या बटणावर बोट ठेवल्यावरच सर्व्हरवरून येत होती. गूगलबॉट पान उघडतो, त्यातली जावास्क्रिप्ट (पानाला हालचाल देणारी आज्ञावली) ही चालवतो, पण बटणे दाबत नाही. त्यामुळे एकविसावे पुस्तक त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते. याउलट, मजकूर एचटीएमएलमध्ये आधीपासून असेल आणि जागा वाचवण्यासाठी फक्त मिटून ठेवला असेल, तर तो वाचला जातो व धरलाही जातो. म्हणून लेखांच्या तळटिपा मिटलेल्या ठेवल्या, आणि ग्रंथसूचीला "पान १, पान २" असे साध्या दुव्यांचे टप्पे केले.

रोबॉट्स फाइलमध्ये पानाचे रूप ठरवणारी शैलीपत्रके आणि जावास्क्रिप्टच्या फोल्डरलाही बंदी होती, ती काढली. शैलीपत्रक वाचता आले नाही तर पान फोनवर कसे दिसते हे रोबॉटला समजण्याचा मार्गच उरत नाही.

२५ जून

आज पत्ते आणि नावे.

पत्ते देवनागरीत करावेत अशी एका सदस्यांची आग्रहाची सूचना होती. मनाला ती पटते. व्यवहारात अडचण अशी की देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते आणि पत्त्यात ते सांकेतिक रूपात लिहिताना त्याची ९ अक्षरे होतात. "बेळगाव" या एका शब्दाची ५४ होतात. शोधयंत्रांना असे पत्ते चालतात, पण व्हॉट्सॲपवर पुढे पाठवताना दुवा ओळखू येत नाही आणि मध्येच तुटतो. त्याहून मोठे कारण म्हणजे चालू पत्ते बदलले की जुने दुवे मोडतात. पत्ते जसे आहेत तसेच ठेवले. शीर्षके, वर्णने आणि चित्रांचे पर्यायी मजकूर मात्र पूर्ण मराठीत लिहिले. फोनवरच्या आवृत्तीत हे तिन्ही वगळले जात होते, आता एकच पान असल्यामुळे तो प्रश्न राहिला नाही.

नावांचा विषय नाजूक आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. आमचे वाचक "बेळगाव" लिहितात, शासकीय कागदावर "बेळगावी" असते, आणि रोमन लिपीत शोधणारे दोन्ही स्पेलिंगे वापरतात. लेखकांनी आपल्या लेखात जे नाव लिहिले त्याला मी हात लावलेला नाही. परिचय पानावर मात्र एका साध्या वाक्यात दोन्ही नावे आणि नावबदलाचा दिनांक दिला आहे, आणि हलशीच्या लेखात "हलसी" हे रूप व पलाशिका हे प्राचीन नाव जिथे विषयाच्या ओघात येते तिथे घेतले आहे. सगळी रूपे पानाच्या तळाशी कोंबून ठेवण्याची जुनी युक्ती मी नाकारली; वाचकाला ती खुपते आणि शोधयंत्रांच्या नियमांतही ती बसत नाही.

वाचनालयाचे नियम आणि सभासद अर्ज कन्नडमध्येही आहेत. ते शेजारच्या शाळेतील एका कन्नड शिक्षकांनी आपुलकीने करून दिले होते. मराठी व कन्नड पानांना एकमेकांचा भाषा-दुवा जोडला. मराठीसाठी "एमआर" आणि कन्नडसाठी "केएन" हे संकेत. हा दुवा दोन्ही बाजूंनी असावा लागतो, एका बाजूने दिला तर तो धरला जात नाही.

२९ जून

बदल प्रत्यक्ष चालू केला. उपकरण पाहून वळवणारा जुना नियम काढला. मोबाईल उपपत्त्यावरील प्रत्येक पान मुख्य संकेतस्थळाच्या त्याच विषयाच्या पानाकडे ३०१ या "कायमचे हलले" असे सांगणाऱ्या संकेताने वळवले. सगळे मुखपृष्ठाकडे वळवण्याची जुनी चूक पुन्हा होऊ नये म्हणून प्रत्येक पत्ता हाताने तपासला.

त्याच वेळी मोबाईल उपपत्त्याच्या रोबॉट्स फाइलमधली बंदीही उठवली. हे अनेकांच्या ध्यानात येत नाही: जुना पत्ता आता वापरात नाही म्हणून तिथे बंदी तशीच ठेवली, तर रोबॉटला तो पत्ता उघडताच येत नाही, आणि मग पान कुठे हलले हेही त्याला कळत नाही. हे वळण आम्ही निदान वर्षभर चालू ठेवणार आहोत.

साइटमॅप, म्हणजे शोधयंत्रांसाठीची पानांच्या पत्त्यांची यादी, नवा केला. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात, आमचे साडेतीनशेच आहेत. प्राधान्य आणि बदलाची वारंवारता हे दोन रकाने गूगल पाहत नाही, म्हणून ते गाळले. शेवटच्या बदलाचा दिनांक मात्र प्रत्येक पानाचा खरा तोच घातला, कारण तो विश्वासार्ह असेल तरच उपयोगी पडतो. साइटमॅपचा पत्ता रोबॉट्स फाइलमध्ये लिहिला आणि सर्च कन्सोल व बिंग या मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्राच्या वेबमास्टर टूल्समध्ये सादर केला.

१ जुलै

थेट तपासणी अपयशी. सर्च कन्सोलमध्ये हलशीच्या लेखाचा पत्ता घालून चाचणी घेतली, तर "प्रवेश नाकारला" म्हणजे ४०३ असे उत्तर आले. माझ्या फोनवर, काकांच्या फोनवर, बेळगावातील मित्राच्या फोनवर पान व्यवस्थित उघडते.

सर्व्हरच्या नोंदी पाहण्यात सायंकाळ गेली. आमच्या होस्टिंगच्या संरक्षक भिंतीत भारताबाहेरून येणाऱ्या मागण्या अडवण्याचा पर्याय कुणीतरी चालू केलेला होता. गूगलबॉट मुख्यतः अमेरिकेतील आयपी पत्त्यांवरून (इंटरनेटवरील यंत्रांच्या क्रमांकांवरून) येतो. मांडणी, अक्षरे, दुवे सगळे निर्दोष केले असते तरी या एका खुणेमुळे पाने दिसली नसती.

२ जुलै

होस्टिंगच्या साहाय्य कक्षाशी दोनदा बोलून तो पर्याय बंद करवला. गूगलबॉट असल्याची बतावणी करणारे इतर रोबॉटही असतात, म्हणून नोंदीतील काही आयपी पत्ते उलट डीएनएस शोधाने, म्हणजे आयपीवरून नाव काढून, पडताळले. खऱ्या पत्त्याचे नाव गूगलबॉट डॉट कॉमने संपते, आणि त्या नावावरून पुन्हा तोच आयपी मिळाला पाहिजे. पडताळणी जुळली. थेट चाचणी यशस्वी झाली, आणि चाचणीच्या चित्रात हलशीचा लेख फोनच्या रुंदीत, पूर्ण मराठीत दिसला.

५ जुलै

नोंदींमध्ये आज डेस्कटॉपच्या रूपातील गूगलबॉट जवळजवळ नाही. स्मार्टफोनच्या रूपातील रोबॉटने सकाळपासून लेखांची पाने मागितली आहेत आणि सर्वांना २०० चे, म्हणजे "पान मिळाले" असे, उत्तर मिळाले आहे.

११ जुलै

मोठ्या लेखांपैकी बहुतेक पाने इंडेक्समध्ये आली आहेत. ग्रंथसूचीतील एकेका पुस्तकाची पाने मात्र "माहीत आहे, अजून इंडेक्समध्ये नाही" या अवस्थेत अडकली आहेत. पत्ता सापडला, पण रोबॉटने पान अजून वाचलेले नाही, असा त्याचा अर्थ. एकेका पानासाठी विनंती करण्याची सोय आहे, तिला रोजची मर्यादा आहे, आणि तिच्या जोरावर पान आत येईलच असे नसते.

मी ती पाने पुन्हा शांतपणे वाचली. पुस्तकाचे नाव, लेखक, दाखल क्रमांक, एवढेच प्रत्येक पानावर आहे. वाचकाला त्यातून काय मिळते, हा प्रश्न शोधयंत्राने विचारला तर तो रास्त आहे. म्हणून अशी पाने लेखकवार एकत्र केली, आणि ज्या जुन्या पुस्तकांविषयी आमच्याकडे सांगण्यासारखे आहे त्यांची पाने वेगळी ठेवून त्यांवर दोन-तीन परिच्छेद लिहिण्याचे काम काकांनी स्वीकारले. गावांवरच्या लेखांतून संबंधित पुस्तकांकडे दुवेही दिले. आधी ती पाने फक्त शोधखिडकीतूनच उघडत होती.

बिंगसाठी इंडेक्सनाऊ ही सोय चालू केली. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि यांडेक्स हे रशियन शोधयंत्र यांनी आणलेल्या या पद्धतीत पान बदलले की संकेतस्थळच शोधयंत्राला तसे कळवते. गूगल ती वापरत नाही.

१७ जुलै

आषाढी एकादशी, वाचनालय बंद. कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्यावर जिथे रेंज एक-दोन रेषांवर येते तिथे थांबून पाने उघडून पाहिली. लेखाचा मजकूर लगेच येतो, पण वरचे मंदिराचे छायाचित्र फार वेळ घेते. मुख्य घटक अडीच सेकंदांत दिसावा असा गूगलचा मापदंड आहे; त्या रेंजवर आमचे पान त्याच्या बरेच मागे राहिले. छायाचित्रे पडद्याच्या रुंदीनुसार लहान आकारात देण्याची व्यवस्था उद्या करतो. खालची छायाचित्रे गरजेप्रमाणे उतरतील, वरचे मात्र थेट.

२४ जुलै

शनिवारपासून पावसाने वीज येत-जात आहे. काम तुकड्यातुकड्यांत झाले. छायाचित्रांचा बदल चालू केला.

युनिकोडमध्ये आणलेल्या लेखांपैकी तेहतीस इंडेक्समध्ये आहेत. उरलेल्या सातांपैकी पाचांचे वाचन ताईंकडे चालू आहे. दोन लेखांबाबत गूगलने आमच्याऐवजी दुसरेच पान मूळ म्हणून निवडले आहे. ते दोन्ही उचगावच्या संमेलनाची वृत्ते आहेत आणि त्यांची प्रास्ताविके जवळपास सारखीच आहेत. पुढच्या आठवड्यात काकांकडून त्या दोन वर्षांचे मूळ कागद घेऊन शीर्षकात वर्ष आणि अध्यक्षांचे नाव घालायचे, वगळलेली भाषणे जोडायची, आणि मग तपासणी पुन्हा घ्यायची.

सायंकाळी काकांनी स्वतःच्या फोनवर "हलशी मंदिर माहिती" असे बोलून शोधले. लेख पहिल्या पडद्यावर आला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि तिसऱ्या परिच्छेदातील एक शुद्धलेखनाची चूक मला दाखवली. ती आत्ताच दुरुस्त केली. साइटमॅपमधील त्या पानाचा दिनांक बदलला.